छंदांचा अज्ञातवास

'छंद' हा शब्द मोठा मौजेचा आहे. त्याच्या पोटात दोन अर्थ सुखाने नांदतात. एक अर्थ इच्छा, लहर, मनाची ओढ. दुसरा अर्थ वृत्त, म्हणजे मात्रांच्या आणि अक्षरांच्या हिशेबाने बांधलेली रचना. 'स्वच्छंद' म्हटले की मोकाट वागणे डोळ्यांपुढे येते. 'छंदोबद्ध' म्हटले की काटेकोर शिस्त. वरवर पाहता हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण ज्याने एखादा छंद निष्ठेने जोपासला आहे, त्याला त्यात विसंगती दिसणार नाही. जगाचे नियम झुगारून जो आपल्या मनाच्या ओढीमागे जातो, तो पुढे स्वत:च घालून घेतलेल्या नियमांचा असा काही दास होतो की कोणत्याही कचेरीतला कारकून त्याच्यापुढे स्वैर ठरावा.

आपल्या समाजाने छंदाकडे फारसे आदराने पाहिलेले नाही. मुलगा तिकिटे जमवू लागला, नाणी घासू लागला, रात्री गच्चीवर जाऊन तारे मोजू लागला, की 'कसला हा नाद लागला आहे!' असे उद्गार घराघरांतून निघतात. वय वाढले की नादाचे वेड होते आणि नोकरी लागली की वेडाचा संशय येऊ लागतो. म्हणून कित्येक छंदिष्ट आपला छंद लपवितात. महाभारतातील पांडवांप्रमाणे तेही एक अज्ञातवास पत्करतात. दिवसा विराटाच्या घरची चाकरी करावयाची आणि शमीच्या झाडावर ठेवलेल्या आयुधांची आठवण मनात जागी ठेवावयाची, असा त्यांचा दिनक्रम असतो.

या अज्ञातवासाचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही; कारण जो लपून राहिला त्याची नोंद कोण ठेवणार? परंतु काही अज्ञातवास संपले, ती माणसे प्रकट झाली, आणि प्रकट झाल्यावर त्यांच्याभोवती समानधर्मी मंडळी जमली. अशा दोन-तीन कथा येथे एकत्र मांडावयाच्या आहेत. त्यांतली मुख्य कथा चंदीगढची आहे; आणि तिच्यातून निघणारा प्रश्न शासनाशी, म्हणजेच माझ्यासारख्यांच्या रोजच्या व्यवसायाशी निगडित असल्यामुळे तो मला अधिक जवळचा वाटतो.

चंदीगढ हे नगर आधी कागदावर जन्मले आणि मग जमिनीवर उतरले. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवी राजधानी उभारावयाचे ठरले. प्रथम अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी आराखडा केला. १९५० मध्ये नोविकी विमान-अपघातात निवर्तले आणि १९५१ मध्ये हे काम ल कॉर्ब्युझिए या जगद्विख्यात वास्तुविशारदाकडे आले. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्र्यू आणि पिएर जानरे हे त्यांचे सहकारी. चौकोनी सेक्टर, वेगवेगळ्या गतीच्या वाहनांसाठी वेगवेगळ्या प्रतीचे रस्ते, माथ्यावर सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय, असा तो आखीव-रेखीव संसार. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी या नगराचे उद्घाटन केले.

जुन्या परंपरांच्या ओझ्यातून मुक्त झालेल्या नव्या भारताचे प्रतीक, अशा शब्दांत पंडित नेहरू या नगराकडे पाहत असत. त्या काळच्या माणसाला चंदीगढ म्हणजे भविष्यकाळातून आणून ठेवलेला एक तुकडाच वाटला असेल. एखाद्या वैज्ञानिक कादंबरीतील नगर खरोखरच पंजाबच्या मातीत उभे राहावे, तसा तो प्रकार होता. आणि अशा नगरात अपघाताला, लहरीला, छंदाला जागा कोठून असणार? ल कॉर्ब्युझिए यांनी नगरासाठी जो आदेशलेख सिद्ध केला, त्यात एक कलम असे आहे की या नगरात अथवा त्याच्या उद्यानांत व्यक्तींचे पुतळे उभारले जाऊ नयेत. ज्या देशात चौक तेथे पुतळा असा रिवाज, तेथे हे कलम मोठे धाडसाचेच होते.

याच नगराच्या बांधकाम खात्यात नेकचंद सैनी नावाचा एक रस्ता-निरीक्षक होता. त्याचा जन्म १९२४ चा. शकरगढ तहसिलीतले बेरियां कलां हे त्याचे गाव फाळणीनंतर पलीकडच्या बाजूस राहिले. कुटुंब निर्वासित होऊन अलीकडे आले आणि नव्या राजधानीच्या उभारणीत नेकचंदला नोकरी मिळाली. अधिकाराच्या शिडीवरील ही पायरी किती खालची असते, हे सरकारी व्यवहार जाणणाऱ्यांस सांगावयास नको. रस्त्यावर खडी किती पडली, डांबराची पिंपे किती आली, मजूर किती हजर होते, ह्याचा हिशेब ठेवावयाचा, हे त्याचे काम. शिक्षण मॅट्रिकपर्यंत; शिल्पकलेचे शिक्षण शून्य.

१९५७-५८ च्या सुमारास या माणसाला एक छंद जडला. कामावरून सुटला की तो सायकलीवर बसून नद्या-नाल्यांच्या पात्रांत जाई आणि पाण्याने झिजलेले चमत्कारिक आकाराचे दगड वेचून आणी. एखाद्या दगडात त्याला पक्षी दिसे, एखाद्यात माणूस, एखाद्यात देवता. लहानपणी आईकडून राजाराणीच्या ज्या गोष्टी ऐकल्या, त्यांतील राज्य उभे करावयाचे असा त्याने निश्चय केला. दगडांबरोबर त्याने भंगारही गोळा केले. नवे नगर वसविण्यासाठी कित्येक जुनी गावे उठविण्यात आली होती. त्या पाडलेल्या घरांचा मलबा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, चिनीमातीच्या फरशा, विजेची निकामी सामग्री, मोडक्या सायकलींचे सांगाडे, डांबराची रिकामी पिंपे, भट्टीतला जळका कोळसा, असे जे जे जगाने टाकले ते ते त्याने उचलले. नवनगराच्या जन्मकाळी जे उकिरड्यावर गेले, त्यातून त्याने दुसरे नगर वसविण्यास प्रारंभ केला.

यासाठी जागा त्याने निवडली ती सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलातील एका ओहोळाची. तेथे बांधकामास सक्त मनाई होती. म्हणजे सरकारी जमीन, राखीव वन, अनधिकृत बांधकाम, आणि करणारा कोण, तर बांधकाम खात्याचाच नोकर. शिस्तभंगाच्या कारवाईसाठी याहून भक्कम प्रकरण एखाद्या चौकशी अधिकाऱ्याला स्वप्नातही सापडावयाचे नाही. नेकचंदला हे कळत नव्हते असे नाही. कळत होते म्हणूनच तो लपून काम करी. संध्याकाळी आणि रात्री, जुने टायर जाळून केलेल्या उजेडात, तो सिमेंटात बांगड्यांचे तुकडे बसवून नर्तकी घडवी, कपबश्यांच्या कपच्यांनी राजाचे अंगरखे मढवी. त्याच्या पत्नीखेरीज आणि काही थोड्या विश्वासू माणसांखेरीज कोणालाही याचा पत्ता नव्हता. सचिवालय आणि उच्च न्यायालय यांच्या अगदी कुशीत हे राज्य वर्षानुवर्षे वाढत राहिले.

अज्ञातवासात असताना ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, अशी पांडवांना अट होती. नेकचंदच्या अटी याहून फारशा सौम्य नव्हत्या. सुमारे पंधरा-अठरा वर्षांनी, १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात, सरकारी माणसे त्या जंगलात शिरली आणि त्यांच्यापुढे बारा एकरांच्या आसपास पसरलेली ही सृष्टी उभी राहिली. अंगणे, चौक, घळी, आणि रांगेने उभी असलेली शेकडो माणसे, प्राणी, पक्षी. काय करावयाचे? नियमाप्रमाणे पाहिले तर उत्तर सरळ होते. पण ज्यांनी हे पाहिले त्यांच्या मनात नियमाआधी विस्मय उभा राहिला असावा. डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्यासारखे कलाप्रेमी सनदी अधिकारी त्या काळी नगराच्या उद्यानरचनेशी निगडित होते, आणि त्यांचा सल्ला हे पाडू नये असाच पडला. गोष्ट गावात पसरली, लोक पाहावयास येऊ लागले आणि लोकमत बागेच्या बाजूने उभे राहिले. अखेर १९७६ मध्ये हे उद्यान शासनाच्याच मान्यतेने सर्वांस खुले झाले. नेकचंदला रस्त्याच्या कामातून मुक्त करून पगारावर याच कामी नेमण्यात आले आणि मदतीस पन्नास मजूर देण्यात आले. १९८३ मध्ये या उद्यानातील शिल्प भारतीय टपाल तिकिटावर आले. १९८४ मध्ये नेकचंदला 'पद्मश्री' मिळाली.

येथे एका गमतीच्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. व्यक्तींचे पुतळे नकोत, असे ज्या नगराचे कलम, त्या नगरात एका रस्ता-निरीक्षकाने पुतळ्यांचे अख्खे सैन्य उभे केले. पण कलम पुन्हा वाचून पाहावे. मनाई आहे ती व्यक्तींच्या पुतळ्यांना. नेकचंदचे पुतळे कोणाचेच नाहीत. ते निनावी गावकरी आहेत, निनावी पाणी भरणाऱ्या बाया आहेत, निनावी शिपाई आहेत. कायद्याच्या अक्षराला धक्का न लावता कायद्याला वळसा घालण्याची ही किमया त्याने जाणूनबुजून केली नसेल. परंतु ती साधली आहे खरी. आणखी एक योगायोग असा की ल कॉर्ब्युझिए यांच्या मनात घोळणारे 'उघड्या हाता'चे भव्य शिल्प त्यांच्या हयातीत उभे राहू शकले नाही. ते १९६५ मध्ये निवर्तले आणि तो हात १९८५ मध्ये उभा राहिला. जगद्विख्यात शिल्पकाराचे मान्यताप्राप्त स्वप्न कागदात अडकून पडले असता, अनामिक निरीक्षकाचे अनधिकृत स्वप्न नऊ वर्षे आधी लोकांपुढे आले.

आता दुसऱ्या एका अज्ञातवासाकडे वळू. काळ जवळजवळ तोच. स्थळ मात्र महाराष्ट्र. मुंबईत २४ एप्रिल १९६६ रोजी मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. विज्ञान मराठीतून सामान्यांपर्यंत न्यावयाचे, हा तिचा उद्देश. या परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण, याचा उलगडा झाला तेव्हा मराठी वाचकांना मोठा आनंदाश्चर्याचा धक्का बसला. ते होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. केंब्रिजहून परतलेले, फ्रेड हॉइल यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणावर संशोधन केलेले, कीर्तीच्या शिखरावर असलेले खगोलशास्त्रज्ञ. आपल्या नावाच्या दबावाने परीक्षकांचा तोल जाऊ नये म्हणून त्यांनी स्वत:ची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले. आणि हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताई यांच्या हस्ताक्षरात पाठविली.

नेकचंद आणि नारळीकर यांच्यात साम्य ते काय, असे कोणी विचारील. एक मॅट्रिक झालेला निर्वासित निरीक्षक, दुसरा रँग्लर. एकाने शिक्षेच्या भीतीने छंद लपविला, दुसऱ्याने कीर्तीच्या भीतीने नाव लपविले. परंतु मुळाशी दोघांची गरज एकच होती. आपल्या हातून जे घडते आहे त्याचे मोल ठरावे ते त्याच्या स्वत:च्या गुणांवर. ते करणाऱ्याच्या पदावरून ठरू नये. निरीक्षकाचे पद लहान म्हणून बाग हास्यास्पद ठरली असती. शास्त्रज्ञाचे पद मोठे म्हणून कथा विनाकारण थोर ठरली असती. पदाच्या या दोन्ही छायांतून बाहेर पडण्यासाठी अज्ञातवास हवा होता. पण तेवढ्यावर भागत नाही. दोघांच्याही बाबतीत अज्ञातवासाची अखेर सांभाळून घेणारे कोणी तरी पलीकडे उभे असावे लागले. चंदीगढमध्ये ते काही अधिकारी आणि नागरिक होते. महाराष्ट्रात ती एक लहानशी, हौशी माणसांनी चालविलेली परिषद होती.

विज्ञानकथेच्या बाबतीत तर या समानधर्मी मंडळींचा इतिहास हाच त्या वाङ्मयप्रकाराचा अर्धा इतिहास आहे. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे छापली जात आणि पत्रांखाली वाचकांचे पत्तेही असत. या साध्या पत्त्यांनी मोठी किमया केली. आपल्या गावात आपल्यासारखा वेडा दुसरा कोणी नाही, असे मानणाऱ्या तरुणांना शेजारच्या गावातील वेडा सापडला. ते एकमेकांना पत्रे लिहू लागले, मंडळे काढू लागले, हाताने छापलेली पत्रके काढू लागले. जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडातील लीड्स येथे अशा वाचकांचे संमेलन भरले. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला जागतिक म्हणविणारे पहिले संमेलन भरले आणि त्याला सुमारे दोनशे माणसे जमली. जग महायुद्धाच्या तोंडावर उभे असताना ही मूठभर मंडळी चंद्रावर जाण्याच्या गोष्टी करीत होती, म्हणून लोकांनी त्यांना हसून घेतले असल्यास नवल नाही.

परंतु हसणाऱ्यांनी पुढचे पाहावे. लीड्सला जमलेल्या तरुणांत आर्थर क्लार्क नावाचा एक होता. तो आंतरग्रहीय प्रवासाची स्वप्ने पाहणाऱ्या एका ब्रिटिश हौशी मंडळाचाही सभासद होता. १९४५ मध्ये त्याने एका लेखात असे मांडले की विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर भासेल, आणि अशा तीन उपग्रहांच्या साहाय्याने जवळजवळ सर्व जगाला संदेश पोहोचविता येतील. तीस वर्षे उलटली. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष भारतातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत अशाच एका उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. ज्या खेड्यात पक्का रस्ता नव्हता तेथे शेतीचा पाठ आकाशातून उतरला. हौशी मंडळींच्या स्वप्नाचा पाझर कोठून कोठे जाऊन पोहोचतो, याचे याहून बोलके उदाहरण प्रसारणाच्या क्षेत्रात तरी मला ठाऊक नाही.

मराठीतही ही ओढ नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी ज्यूल व्हर्न यांच्या कथांनी आपल्या मासिकांत प्रवेश केला होता; पुढे भा. रा. भागवत यांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरचा पाहुणा केले. तरीदेखील विज्ञानकथा ही बराच काळ मुलांच्या खाऊसारखी समजली गेली. ती प्रौढांच्या पंक्तीला बसली ती १९७० नंतर. नारळीकरांपाठोपाठ बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी लेखकांची एक फळीच उभी राहिली. यांतील कित्येकांचा मूळ व्यवसाय दुसराच होता. लेखन हा छंद. वाचकही तसेच. शिक्षक, अभियंते, बँकेतील नोकर, महाविद्यालयीन विद्यार्थी. त्यांना बांधून ठेवणारे धागे म्हणजे दिवाळी अंक, स्पर्धा आणि गावोगावची व्याख्याने. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड झाली. नाव लपवून स्पर्धेत उतरलेली विज्ञानकथा सत्तेचाळीस वर्षांनी साहित्याच्या मांडवात उघड्या चेहऱ्याने मुख्य आसनावर बसली. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. पण ती पंक्तीतली जागा आता कोणी काढून घेईलसे वाटत नाही.

तिसरे उदाहरण पुण्याचेच. दिनकर गंगाधर केळकर हे कवी होते आणि त्यांनी कवितेसाठी घेतलेले टोपणनाव होते 'अज्ञातवासी'. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा छंद लागला. राजेरजवाड्यांची शस्त्रे जमविणारे पुष्कळ असतात. केळकर जमवीत ते दिवे, अडकित्ते, वज्र्या, पानाचे डबे, गंजिफा, कोरीव दरवाजे, वाद्ये. ज्या वस्तूंना घराघरांतून अडगळ म्हणून बाहेरची वाट दाखविली जात होती, त्यांतच त्यांना पिढ्यानुपिढ्यांच्या हातांची कला दिसली. त्यांचा मुलगा राजा अवघ्या सातव्या वर्षी गेला. त्या दु:खाला त्यांनी या संग्रहाचे रूप दिले आणि त्याच्याच नावाने वस्तुसंग्रहालय उभे केले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना अखंड साथ होती. वीस हजारांच्या घरात गेलेला हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका वर्षाच्या अंतराने, दोन टोकांच्या दोन प्रदेशांत, दोन छंदिष्टांचे धन सार्वजनिक झाले. दोघांनीही जगाने टाकलेले वेचले होते. आणि दोघांच्याही मागे हरवलेले काही तरी होते. एकाचे गाव, एकाचे मूल.

छंद एकट्याचा असतो, पण तो टिकतो मात्र इतरांच्या आधाराने, हा या तिन्ही कथांचा इत्यर्थ. संगतीने छंदाला तीन लाभ होतात. पहिला लाभ धीराचा. आपण एकटेच विक्षिप्त नाही, हे कळणे हीच मोठी शक्ती आहे. दुसरा लाभ कसोटीचा. एकांतातील छंदिष्टाला आपले सगळेच सुंदर वाटते; चार जाणकारांनी तपासले म्हणजे खरे-खोटे निवडले जाते. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४ पासून चालत आलेली हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था पाहावी. ताऱ्यांविषयीची भाविक भोळी उत्सुकता निरीक्षणाच्या शिस्तीत कशी बसते, हे तेथे कळते. तिसरा लाभ वारशाचा. माणूस जातो, पण मंडळी राहिली तर छंद राहतो.

पण संगतीचे धोकेही आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. समानधर्मी मंडळी कधी कधी आपल्यापुरती भिंत बांधून घेतात आणि बाहेरच्याला तुच्छ लेखू लागतात. मग ज्या उपहासाचा त्यांना जाच झाला, तोच ते दुसऱ्यांना देतात. आणि जेथे छंद सार्वजनिक होतो तेथे त्याच्या मागोमाग गर्दी येते, तिकीट येते, वार्षिक अंदाजपत्रक येते. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी व्याख्यानांसाठी गेले असता त्यांच्या उद्यानातील मूर्तींची नासधूस झाली. पुढच्याच वर्षी त्यांच्या चाहत्यांनी इंग्लंडात एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि देशोदेशींचे स्वयंसेवक चंदीगढला येऊन मूर्तींची डागडुजी करू लागले. लपून होती तोवर बाग सुरक्षित होती, प्रकट झाल्यावर ती धोक्यात आली. आणि प्रकट झाली होती म्हणूनच तिला वाचविणारे हातही मिळाले. हा व्यवहार दुहेरी आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो शासनाचा. १९७६ चा निर्णय योग्य होता, असे आज सगळेच म्हणतात. पण प्रशासनात काम करणाऱ्याने त्यातील अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. राखीव वनात बांधकामाची मनाई हा नियम चुकीचा होता काय? मुळीच नव्हता. तो नियम नसता तर ती जागा केव्हाच कोणाच्या तरी बंगल्याखाली गेली असती आणि नेकचंदला लपावयास झाडी उरली नसती. ज्या नियमाचा भंग करून बाग झाली, त्याच नियमाच्या सावलीत ती वाढली. मग प्रत्येक निरीक्षकाला सरकारी जमिनीवर मनास येईल ते उभारू द्यावयाचे काय? तेही नाही. सरकारी जमिनीवर रातोरात उभ्या राहणाऱ्या बांधकामांत छंदापेक्षा लोभ अधिक असतो, हे कोणताही तहसीलदार सांगेल.

फरक कोठे पाहावयाचा? माझ्या मते तो दोन गोष्टींत पाहावा. लोभी मनुष्य जागा बळकावतो ती स्वत:साठी, आणि बळकावल्याबरोबर कुंपण घालतो. नेकचंदने स्वत:साठी तेथे एक खोलीही मागितली नाही आणि बाग उघडी झाल्यावर तिच्यावर मालकी सांगितली नाही. दुसरी गोष्ट अशी की नियमाला अपवाद करताना त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी तो गुपचूप केला नाही. उद्यान मान्य केले, माणसाला पद दिले, पगार दिला, मजूर दिले आणि दरवाजा लोकांना उघडला. अपवाद उघडपणे झाला म्हणूनच तो मेहेरबानी न ठरता निर्णय ठरला. नियम पाळणे हे प्रशासनाचे नित्यकर्म आहे. पण नियमाच्या पलीकडचे मोल ओळखून त्याची जबाबदारी आपल्या सहीने घेणे, हे त्याचे नैमित्तिक कर्म आहे, आणि ते क्वचितच करावयाचे असले तरी त्याचे विस्मरण होता कामा नये.

हे विस्मरण होऊ शकते, याची साक्षही चंदीगढच देते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या उद्यानाच्या जमिनीवर रस्त्यासाठी आणि वाहनतळासाठी डोळा गेला होता. तेव्हा नागरिकांनी विरोध केला आणि न्यायालयीन निर्णयही उद्यानाच्या बाजूने लागला. नेकचंद १२ जून २०१५ रोजी, नव्वदी गाठून, निवर्तले. त्यानंतर दहा वर्षेही पुरती झाली नव्हती, तोच २०२५ च्या प्रारंभी शेजारच्या उच्च न्यायालयाकडे जाणाऱ्या वाहनांच्या सोयीसाठी, रस्ता रुंद करावयाचा आणि वाहनतळ करावयाचा म्हणून, उद्यानाच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. नागरिकांनी निदर्शने केली. भिंत मात्र पडली. वाहनांना जागा हवी, हे खरेच आहे. परंतु पाडलेल्या घरांच्या मलब्यातून जे उभे राहिले, त्याचाच पुन्हा मलबा व्हावा, यातील अर्थ ज्याला जाणवत नाही, त्याने नगररचनेचा आराखडा वाचला असेल, नगर वाचलेले नाही.

सुमारे ४० एकरांच्या त्या उद्यानात आजही देशोदेशींचे लोक येतात, आणि ल कॉर्ब्युझिए यांची कीर्तिशाली वास्तुशिल्पे पाहावयास आलेला अभ्यासकही अखेर पावले वळवितो ती निरीक्षकाच्या बागेकडे. आखलेल्या नगराला न आखलेल्याची जोड मिळाली तेव्हाच ते नगर पुरे झाले. समाजाचेही तसेच आहे. त्याचा आराखडा शहाण्यांनी करावा, हे योग्यच; पण त्या आराखड्यात एखादा ओहोळ, एखादी झाडी, मासिकाची पाठची दोन पाने, संध्याकाळचे दोन तास, असे काही रिकामे सोडलेले असावे. तेथे कोणी तरी कसला तरी नाद घेऊन बसलेला असेल. त्याला अनुदान लागत नाही, सत्कार लागत नाही. एक दिवस तो भीतभीत आपले काम पुढे करील, त्या दिवशी हसण्यापूर्वी ते नीट पाहून घेणारा एक माणूस त्याला लागतो. तो माणूस होणे आपल्यापैकी कोणालाही अशक्य नाही.